फ्लोरेन्स बघायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस असा त्रिकोण आखताना मधल्या शहराच्या वाट्याला बहुतेक वेळा उरलेसुरले दिवस येतात. फ्लोरेन्सचा जुना भाग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्ध्या-पाऊण तासात चालून होतो, म्हणून ते पटकन उरकेल असं वाटतं. इथे अंतर आडवं येत नाही, घड्याळ येतं. कुठलं संग्रहालय कोणत्या वारी बंद, कुठे वेळ ठरवून जावं लागतं, कुठे दुपारी दोनला दार लागतं, हे आधी जुळवलं नाही तर दारापर्यंत जाऊन परत फिरायची पाळी येते. खालचे प्रश्न यासाठीच घेतले आहेत. तिकिटांचे दर आणि वेळा बदलत राहतात, म्हणून बुकिंग करताना त्या-त्या संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा तपासून घ्या.

फ्लोरेन्ससाठी किती दिवस ठेवावेत?

तीन रात्री, म्हणजे हातात दोन पूर्ण दिवस आणि एक अर्धा. एका दिवशी दुओमोचा, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चचा परिसर, दुसऱ्या दिवशी सकाळी उफिझी गॅलरी आणि संध्याकाळी नदीपलीकडचा भाग, उरलेल्या अर्ध्या दिवसात मायकेलअँजेलोचा डेव्हिड हा पुतळा. रोमहून सकाळी येऊन रात्री परतायचं असेल तर उफिझी किंवा दुओमोचा घुमट, दोन्हींपैकी एकच निवडा. दोन्ही एका दिवसात होतात, पण दुसरं बघताना लक्ष फक्त बसायला जागा कुठे मिळते याकडे असतं.

कोणत्या महिन्यात जावं?

शाळांच्या सुट्ट्यांमुळे आपल्याकडची बरीच कुटुंबं मे-जूनमध्ये निघतात आणि नेमकी तेव्हाच तिथे सर्वाधिक गर्दी असते. शहर टेकड्यांच्या खोलगटात वसलेलं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये वारा पडतो, पारा ३५ अंशांच्या पुढे जातो आणि दगडी फरसबंदी रात्रीपर्यंत तापलेली राहते. १५ ऑगस्टच्या आसपास कित्येक छोटी खानावळवाली मंडळी दुकान बंद करून समुद्रावर जातात. दिवाळीच्या सुट्टीत जमत असेल तर उत्तम. नोव्हेंबरात पाऊस असतो, दिवस लहान असतो, पण उफिझीत बोत्तिचेल्लीच्या चित्रासमोर शांतपणे उभं राहता येतं. २४ जूनला शहराच्या संरक्षक संताचा, सान जोव्हान्नीचा सण असतो. त्या रात्री आर्नो नदीवर आतषबाजी होते आणि हॉटेलांचे दर चढतात.

व्हिसाचं काय?

शेंगेन व्हिसा लागतो. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या लोकांचे अर्ज मुंबईतल्या इटालियन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात आणि व्हीएफएस केंद्रात जमा होतात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. पाच रात्री फ्रान्स आणि चार रात्री इटली असा बेत आखून इटलीकडे अर्ज केला तर तो इथेच अडतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं हीच मोठी अडचण असते, त्यामुळे तारखा फेब्रुवारीतच बघायला लागा.

फ्लोरेन्सला पोहोचायचं कसं?

मुंबईहून थेट विमान नाही. बहुतेकजण रोम किंवा मिलानला उतरून रेल्वेने येतात आणि तेच सोयीचं आहे. वेगवान गाडीने रोमहून सुमारे दीड तास, मिलानहून दोन तासांच्या आत, व्हेनिसहून दोन-सव्वादोन तास, बोलोन्याहून चाळीस मिनिटांच्या आत. या गाड्यांची तिकिटं विमानासारखी महाग होत जातात, म्हणून तारीख ठरली की काढून टाका. आसन आणि वेळ ठरलेली असते, गाडी चुकली तर स्वस्तातलं तिकीट सहसा वाया जातं.

उतरायचं स्टेशन फिरेंझे सान्ता मारिया नोव्हेल्ला. फिरेंझे हे शहराचं इटालियन नाव, फलाटावर तेच दिसेल. काही गाड्या फिरेंझे रिफ्रेदी किंवा फिरेंझे काम्पो दी मार्ते इथे थांबतात. ‘फिरेंझे’ वाचून घाईने तिथे उतरू नका. तिकीट काढतानाही पूर्ण नाव बघा.

लोकल धाटणीच्या, म्हणजे ‘रेजोनाले’ गाड्यांचं गणित निराळं. त्यांचं कागदी तिकीट त्या मार्गावरच्या कोणत्याही रेजोनाले गाडीला चालतं, पण चढण्याआधी फलाटाजवळच्या मशीनमध्ये घालून त्यावर वेळेचा ठसा उमटवून घ्यावा लागतो. मोबाइलवरचं तिकीट असेल तर प्रवासाआधी त्यात चेक-इन करावं लागतं. पैसे भरलेले असूनही दंड बसतो तो याच कारणाने, आणि ‘आम्हाला माहीत नव्हतं’ या सबबीवर तपासनीस क्वचितच सोडतो.

फ्लोरेन्सच्या पेरेतोला विमानतळावर उतरलात तर टी-२ ट्राम वीस-पंचवीस मिनिटांत गावात आणते. तिकीट १ युरो ७० सेंट. ट्राममधल्या यंत्राला कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवलं तरी चालतं, मात्र माणशी एक कार्ड लागतं.

गाडी भाड्याने घेऊन शहरात शिरता येईल का?

नको. जुन्या शहरात झेडटीएल नावाचं मर्यादित वाहतुकीचं क्षेत्र आहे. फाटक नाही, पोलीस नाही, फक्त कॅमेरा. परवानगीशिवाय आत गेलात की नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि प्रत्येक प्रवेशाचा दंड वेगळा लागतो. वाट चुकून तीनदा आत-बाहेर केलंत तर तीन दंड. सूचना काही महिन्यांनी भाड्याच्या गाडीवाल्यांमार्फत घरी येते, वर त्यांचं हाताळणी शुल्क. फ्लोरेन्सभोवतीच्या तोस्काना प्रांतातल्या खेड्यांत फिरायला गाडी हवीच असेल तर फ्लोरेन्स सोडायच्या दिवशी घ्या. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो इथल्या आरटीओतून निघण्यापूर्वीच काढावा लागतो.

दुओमोची तिकिटं इतकी गोंधळाची का आहेत?

कारण ‘दुओमो’ म्हणजे एक इमारत नव्हे. कॅथेड्रल, घुमट, जोत्तोचा घंटाघर-मनोरा, समोरचं अष्टकोनी बॅप्टिस्टरी (बाप्तिस्म्याची इमारत), जमिनीखालचे सान्ता रेपाराता या जुन्या चर्चचे अवशेष आणि मागच्या बाजूचं संग्रहालय मिळून हा सगळा पसारा होतो. कॅथेड्रलमध्ये जायला पैसे पडत नाहीत, रांग मात्र लांब असते. बाकी सगळ्यासाठी तीन पास आहेत. ब्रुनेलेस्की पासमध्ये सगळं येतं, घुमटासकट. जोत्तो पासमध्ये घुमट सोडून बाकीचं. गिबेर्ती पासमध्ये दोन्ही चढाया वगळून उरलेलं. दर अनुक्रमे सुमारे ३०, २० आणि १५ युरो, आणि पास तीन दिवस चालतो.

घुमटासाठी दिवस आणि वेळ तिकीट काढतानाच निवडावी लागते आणि ती नंतर बदलून मिळत नाही. ब्रुनेलेस्की पास हाती आहे म्हणजे तीन दिवसांत केव्हाही घुमट चढता येईल, असा समज करून घेऊ नका. हंगामात हे स्लॉट कित्येक दिवस आधी संपतात. घुमटाचं दार कॅथेड्रलच्या उत्तर बाजूला आहे, दर्शनी दार वेगळं. चुकीच्या रांगेत अर्धा तास उभं राहून स्लॉट हुकल्याची उदाहरणं रोजची आहेत. सॅक वर नेऊ देत नाहीत. ती आधी चौकातल्या ३८ र (र म्हणजे लाल आकडा) क्रमांकाच्या सामानघरात ठेवावी लागते, त्यामुळे वीस-पंचवीस मिनिटं हाताशी ठेवून या.

कॅथेड्रल रविवारी आणि धार्मिक सणांच्या दिवशी पर्यटकांसाठी बंद असतं. संग्रहालय दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बंद. बॅप्टिस्टरीच्या छतावरच्या सोनेरी मोझेइकचं जतनकाम २०२३ पासून चालू आहे आणि आत मोठं मचाण बांधलेलं आहे. छायाचित्रांत दिसतं तसं पूर्ण छत दिसेल या अपेक्षेने जाऊ नका.

घुमट चढायला जमेल का? ज्येष्ठांना नेऊ का?

४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, मध्येच परत फिरणं अवघड. सुरुवातीचा गोल जिना सोपा आहे. निम्म्यावर आलात की भित्तिचित्राच्या पायथ्याशी, आतल्या कठड्यावरून चालावं लागतं. वासारी आणि झुक्कारी यांनी १५७२ ते १५७९ या काळात रंगवलेला ‘अंतिम न्याय’ तिथे डोक्यावर येतो, आणि खालून नाजूक वाटणारे चेहरे जवळून केवढे ढोबळ फटकाऱ्यांनी काढले आहेत ते कळतं. त्यापुढची वाट घुमटाच्या दोन कवचांमधून जाते. इथे जिना अरुंद, छत तिरकं, एका वेळी एकच माणूस मावेल इतकी जागा. शेवटचा टप्पा तर शिडीसारखा उभा. गुडघे, हृदय, चक्कर किंवा बंद जागेची भीती यांपैकी काही असेल तर हट्ट करू नये.

जमत असेल त्यांनी याच अरुंद भागात क्षणभर थांबून भिंतीकडे बघावं. आडव्या थरांत मधूनमधून उभ्या विटा घातलेल्या दिसतील, माशाच्या काट्यासारख्या तिरक्या रेषेत वर चढत जाणाऱ्या. कॅथेड्रलचं काम १२९६ मध्ये सुरू झालं, पण सुमारे ४५ मीटर रुंदीच्या त्या अष्टकोनावर छप्पर कसं घालायचं हे शंभरहून अधिक वर्षं कुणाला उमगलं नव्हतं. एवढ्या उंचीवर जमिनीपासून लाकडी सांगाडा उभारायचा तर तेवढं लाकूड आणायचं कुठून? ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात तो सांगाडा न उभारताच घुमट बांधला. ओल्या चुन्यातल्या विटा आतल्या बाजूला घसरू नयेत म्हणून उभ्या विटांचा हा अटकाव. प्रत्येक थर पूर्ण झाला की तो स्वतःचं वजन स्वतः पेलायचा, मग वरचा थर.

घुमटावरून घुमट दिसत नाही, हे उघड असलं तरी वर गेल्यावरच अनेकांच्या लक्षात येतं. फोटोत घुमट हवा असेल तर जोत्तोचा मनोरा चढा. ४१४ पायऱ्या आहेत, पण मधे तीन ठिकाणी थांबून दम खाता येतो.

जिने अजिबात नको असतील तर?

मग गिबेर्ती पास घ्या आणि दुओमोच्या संग्रहालयाला दोन तास द्या. पर्यटकांचे जथे इथे फिरकत नाहीत, याचं नवल वाटतं. बॅप्टिस्टरीच्या पूर्व दारासमोर सोनेरी दरवाजाचे फोटो काढायला जी झुंबड उडते, तो दरवाजा प्रतिकृती आहे. गिबेर्तीने १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षं खपून केलेला मूळ दरवाजा या संग्रहालयात काचेमागे आहे. दहा चौकटी आहेत, आणि चौकटींच्या कडेला छोटी-छोटी डोकी बाहेर डोकावतात. त्यांतलं एक टक्कल पडलेलं, भुवया जरा उंचावलेलं डोकं खुद्द गिबेर्तीचं. याच इमारतीत दोनातेल्लोची लाकडी मॅग्दलिन आणि मायकेलअँजेलोने म्हातारपणी कोरायला घेऊन अर्धवट सोडलेली पिएता, म्हणजे मृत येशूचं शिल्प, आहे. इथे लिफ्ट आहे, बाकं आहेत, स्वच्छ प्रसाधनगृह आहे.

उफिझी गॅलरी कशी बघावी?

मंगळवार ते रविवार, सकाळी ८.१५ ते संध्याकाळी ६.३०. सोमवारी बंद. तिकीट हंगामात साधारण २५ युरो, आगाऊ बुकिंगचे ४ युरो वेगळे. ते चार युरो वाचवू नका. बुकिंगची पावती ३ नंबरच्या दारावर तिकिटात बदलून घ्यायची आणि आत जायचं १ नंबरच्या दाराने, म्हणजे अंगणाच्या समोरच्या बाजूने. तपासणी विमानतळासारखी असते. अर्ध्या लिटरपेक्षा मोठी पाण्याची बाटली आत नेता येत नाही. १८ वर्षांखालच्या मुलांना, देश कुठलाही असो, सरकारी संग्रहालयांत प्रवेश मोफत आहे, फक्त बुकिंगचं शुल्क लागतं. वय दाखवायला पासपोर्ट लागतो. १८ ते २५ वयाची सवलत युरोपीय नागरिकांपुरती आहे, आणि ज्येष्ठांना वेगळी सवलत नाही.

दाराशी शिरल्यावर थेट वर चढायचं असतं. बघायला सुरुवात दुसऱ्या मजल्यापासून होते. जिना लांबलचक आहे, ज्यांना त्रास आहे त्यांनी लिफ्ट मागावी. सुरुवातीच्याच दालनात चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो यांनी रंगवलेल्या तीन प्रचंड मेरीमाता एकत्र आहेत. लोक बोत्तिचेल्लीच्या ओढीने त्यांना ओलांडून जातात. इथे पाच मिनिटं थांबा. पहिल्या दोघांची मेरी सोन्याच्या पार्श्वभूमीवर जवळजवळ तरंगते आहे, जोत्तोची मात्र सिंहासनावर बूड टेकून बसली आहे आणि पांढऱ्या वस्त्राखाली तिचे गुडघे जाणवतात. पुढच्या दोनशे वर्षांत या शहरात चित्रकलेचं जे काही झालं, त्याची सुरुवात त्या गुडघ्यांत आहे.

मग बोत्तिचेल्लीचं ‘व्हीनसचा जन्म’ आणि ‘वसंत’, लिओनार्दोचं ‘देवदूताचा संदेश’, मायकेलअँजेलोचं गोल चित्र. एवढं झालं की दुसऱ्या मजल्याच्या टोकाशी असलेल्या गच्चीतल्या कॅफेत बसा. कॉफी महाग आहे, पण पालात्सो वेक्यो या जुन्या राजवाड्याचा मनोरा हाकेच्या अंतरावर दिसतो. खालच्या मजल्यावर काराव्हाज्जोची मेडूसा आहे. ती लाकडी ढालीवर ताणलेल्या कापडावर रंगवली आहे, त्यामुळे चित्राचा पृष्ठभाग फुगीर आहे. बाजूला सरकून बघितल्याशिवाय ते लक्षात येत नाही. तीन तास पुरे.

हा सगळा खजिना शहरात राहिला तो आन्ना मारिया लुइझा या, इथे सत्तेवर असलेल्या मेदिची घराण्यातल्या, शेवटच्या स्त्रीमुळे. १७३७ मध्ये सत्ता दुसऱ्या घराण्याकडे जाताना तिने करारात कलम घातलं की संग्रहातली एकही वस्तू फ्लोरेन्सबाहेर जाणार नाही.

वासारीचा बोळ बघता येतो का?

हो. १५६५ मध्ये मेदिचींना रस्त्यावर न उतरता राजवाड्यातून कचेरीत जाता यावं म्हणून वासारीने अवघ्या पाच महिन्यांत बांधलेला हा बंदिस्त मार्ग डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुला झाला. उफिझीतून शिरायचं, पोन्ते वेक्यो पुलावरच्या सोनारांच्या दुकानांवरून नदी ओलांडायची आणि पलीकडे बोबोली बागेत उतरायचं. त्याचं तिकीट वेगळं, वेळ ठरलेली. आतल्या भिंती आता रिकाम्या आहेत, पूर्वी तिथे आत्मचित्रं असत. छोट्या खिडक्यांतून दिसणारी नदी हेच आकर्षण. पहिल्या भेटीत वगळलात तरी फार काही हुकणार नाही.

खरा डेव्हिड कुठला?

अकादेमिया गॅलरीतला. पालात्सो वेक्योसमोर उभा आहे ती १९१० सालची प्रतिकृती, आणि टेकडीवरच्या मायकेलअँजेलो चौकातला कांस्याचा. मूळ पुतळा १५०१ ते १५०४ या काळात कोरला गेला आणि १८७३ पर्यंत उघड्यावर होता. उंची ५.१७ मीटर. फोटो पाठ असले तरी हा आकार समोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. उजवा हात शरीराच्या मानाने मोठा आहे, तो नीट बघा. मागून फेरी मारा, खांद्यावरून पाठीवर उतरलेली गोफण तिथूनच दिसते.

डेव्हिडकडे जाणाऱ्या दालनात दोन्ही बाजूंना अर्धवट कोरलेले बंदिवान आहेत. छिन्नीचे ओरखडे त्यांच्या अंगावर जसेच्या तसे आहेत. दगडातून माणूस कसा मोकळा होतो हे इथे दिसतं, आणि डेव्हिडपेक्षा इथे जास्त वेळ जावा असं आमचं मत. गॅलरी लहान आहे, सव्वा तासात होते. बुकिंगशिवाय रांग दोन-दोन तासांची. सोमवारी हीसुद्धा बंद.

आमच्या वाट्याला नेमका सोमवारच आलाय. काय करावं?

दुओमोचा परिसर, पालात्सो वेक्यो, सान्ता क्रोचे आणि सान्ता मारिया नोव्हेल्ला ही चर्चं उघडी असतात. दोनातेल्लोचा कांस्य डेव्हिड असलेलं बार्जेल्लो आणि मेदिची चॅपेल सोमवारी चालू आणि मंगळवारी बंद असतात. पालात्सो वेक्यो गुरुवारी दुपारी दोनलाच बंद होतो. सान मार्को मठात फ्रा आंजेलिकोने भिक्षूंच्या एकेका खोलीत रंगवलेली भित्तिचित्रं आहेत, पण तो दुपारी दोनच्या सुमारास लागतो, म्हणून सकाळीच गाठा, सोमवार सोडून.

सान्ता क्रोचेत मायकेलअँजेलो, गॅलिलिओ, माकियावेल्ली यांच्या समाधी आहेत. दान्तेचं स्मारकही आहे, मात्र ते रिकामं. त्याला शहराने हद्दपार केलं होतं आणि तो राव्हेन्नात पुरलेला आहे. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात चिखल आणि तेलाने रंग धुऊन गेलेला चिमाबुएचा क्रूस याच चर्चमध्ये आहे. उडालेले तुकडे परत रंगवून लपवले नाहीत, जखम दिसेल अशीच दुरुस्ती केली आहे.

पहिल्या रविवारी संग्रहालयं फुकट असतात ना?

असतात. पण त्या दिवशी बुकिंग चालत नाही आणि उफिझीची रांग सकाळी सातपासून लागते. चौघांचे शंभर युरो वाचवायला अर्धा दिवस द्यायचा का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

चर्चमध्ये कपड्यांचे नियम आहेत का?

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, स्त्री-पुरुष दोघांचेही. साडी, सलवार-कमीज, पूर्ण पँट यांना काहीच अडचण नाही. बिनबाह्यांच्या कपड्यांवर एक ओढणी पुरते. हाफपँट घातलेल्या पुरुषांनाही दारावरून परत पाठवलं जातं.

फ्लोरेन्समध्ये कोल्हापूरच्या महाराजांचं स्मारक आहे, हे खरं का?

खरं आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा ते अवघ्या विशीत होते. त्या वेळी फ्लोरेन्स इटलीची राजधानी होती. हिंदू पद्धतीने दहन करायला अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली आणि आर्नो नदीला मुन्योने हा ओढा मिळतो त्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. खाली महाराजांचा अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, आणि वरच्या छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडाही याच मँटचा. महाराजांची या प्रवासातली इंग्रजी रोजनिशी १८७२ मध्ये लंडनला छापून निघाली.

स्थानिक लोक या जागेला ‘इंदियानो’, म्हणजे भारतीय माणूस, एवढ्याच नावाने ओळखतात. शेजारून नदी ओलांडणारा मोठा पूलही ‘पोन्ते आल्लिंदियानो’. महाराजांचं नाव विचारलंत तर कुणाला कळणार नाही, ‘मोनुमेन्तो आल्लिंदियानो’ विचारा.

जायचं असं: स्टेशनजवळून टी-१ ट्रामने काशीने या थांब्यावर उतरायचं आणि काशीने उद्यानातून, नदी डाव्या हाताला ठेवून, पश्चिमेच्या टोकापर्यंत चालायचं. अंतर अडीच-तीन किलोमीटर, वाट सपाट आणि सावलीची. सायकल भाड्याने घेतली तर दहा-पंधरा मिनिटं. पाणी बरोबर ठेवा, शेवटच्या भागात दुकानं विरळ आहेत. अंधार पडल्यावर उद्यान सुनसान होतं, त्यामुळे सकाळची वेळ बरी. मंगळवारी सकाळी उद्यानात मोठा बाजार भरतो, तोही जाता-जाता बघून होतो.

शाकाहारी माणसाची उपासमार होते का?

होत नाही, पण फसगत होऊ शकते. तोस्कानाच्या गरिबांच्या स्वयंपाकात शिळा पाव, कडधान्यं आणि भाज्याच होत्या. रिबोल्लिता हे काळ्या कोबीचं, पांढऱ्या घेवड्याचं आणि पावाचं दाट सूप. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला पाव. उन्हाळ्यात पान्झानेल्ला ही भिजवलेल्या पावाची कोशिंबीर. फाज्योली आल्लुच्चेल्लेत्तो हा टोमॅटो-सेजमधला घेवडा, त्यात मांस नसतं, तरी सॉसेज घालतात का ते विचारा. इथला पाव अळणी असतो, त्यात मीठ घालतच नाहीत.

आता फसवणारे पदार्थ. फिनोक्योनात बडीशेप असते, पण ती डुकराच्या मांसाची सलामी. पावावर चटणीसारखं लावलेलं तपकिरी वाटण म्हणजे कोंबडीचं काळीज. लाम्प्रेदोत्तो म्हणजे गाईच्या जठराचा तुकडा, आणि ‘बिस्तेक्का’ म्हणजे बीफ. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, सूप मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं. पुढचं वाक्य पाठ करा: ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेश्शे, सेन्झा ब्रोदो दी कार्ने’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, मांसाचं पाणी नको. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी ‘सेन्झा चिपोल्ला, सेन्झा आल्यो’. ताज्या पास्त्यात अंडं असतं, सुक्या पास्त्यात सहसा नसतं. पार्मेजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, ज्यांना ते चालत नाही त्यांनी ‘सेन्झा फोर्माज्जो’ म्हणावं.

जेवणाच्या वेळा पाळाव्या लागतात. दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. चार वाजता भूक लागली तर सान लोरेन्झोच्या मेर्कातो चेन्त्राले या बाजाराचा वरचा मजला दिवसभर चालू असतो. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो येतात, ते टेबलाचे. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायली तर स्वस्त, बसून महाग.

राहायचं कुठे आणि पत्ता शोधताना गोंधळ का होतो?

सामान जास्त असेल तर स्टेशनजवळ. दगडी फरशीवर बॅगेची चाकं निखळतात. शांतता हवी असेल तर नदीपलीकडचा ओल्त्रार्नो. सान्ता क्रोचेच्या गल्ल्या रात्री उशिरापर्यंत गजबजलेल्या असतात. जुन्या वाड्यातल्या हॉटेलचं स्वागतकक्ष तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट गायब, हे नेहमीचं, म्हणून आधी विचारा. शहराचा पर्यटक कर माणशी दर रात्री वेगळा द्यावा लागतो, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे कमी-जास्त.

पत्त्यांचा घोळ खास फ्लोरेन्सचा. एकाच रस्त्यावर दोन क्रमांकमाला चालतात. दुकानं-खानावळींना लाल, घरांना काळे किंवा निळे आकडे. २७ आणि २७ र यांच्यात शंभर-दोनशे मीटरचं अंतर असू शकतं. आकड्यापुढचं ‘र’ म्हणजे लाल, ते गाळू नका.

चोऱ्या, फसवणूक?

हाणामारी नाही, हातचलाखी. स्टेशन, ट्राम आणि पोन्ते वेक्यो इथे पाकीट पुढच्या खिशात ठेवा. स्टेशनवर तिकीटयंत्रापाशी मदतीला येणाऱ्या अनोळखी माणसाला नम्रपणे नको म्हणा. चौकांत जमिनीवर चित्रं पसरलेली असतात, चुकून पाय पडला की पैसे मागतात, म्हणून चालताना खाली बघा. रस्त्यावरची नकली ब्रँडची पर्स विकत घेणाऱ्यालाही इटलीत दंड होतो.

एका दिवसात पिसा जोडता येईल?

येईल. रेजोनाले गाडीने सुमारे तास लागतो. मुख्य पिसा चेन्त्राले स्टेशनपासून मनोरा वीस-पंचवीस मिनिटं चालत, तर सान रोस्सोरे या छोट्या स्टेशनपासून दहाच मिनिटं. गाडी बदलायची तयारी असेल तर तिथे उतरा. मनोरा चढायला वेळ ठरवून तिकीट लागतं, बॅग सामानघरात ठेवावी लागते आणि आठ वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत. फक्त फोटो काढायचा असेल तर आवारात फिरायला तिकीट लागत नाही आणि दुपारच्या जेवणापर्यंत फ्लोरेन्सला परतता येतं.